संगणकात विनापरवानगी शिरकाव: गोव्यात तक्रार टिकेल अशी कशी द्यायची

म्हापशातल्या एखाद्या करसल्लागाराच्या कार्यालयातला माणूस नोकरी सोडून जातो. दोन महिन्यांनी अशिलांना दुसऱ्याच कार्यालयातून फोन येऊ लागतात, आणि फोनवर बोलणाऱ्याला त्यांच्या विवरणपत्रातले आकडे तोंडपाठ असतात. मालक तडक पोलीस ठाणे गाठतो, ‘आमचा डेटा चोरला’ म्हणतो. तिथे पहिलाच प्रश्न येतो: ‘त्याच्याकडे पासवर्ड होता ना? तुम्हीच दिलेला?’

बहुतेक तक्रारी याच प्रश्नाशी अडतात. कायद्याला दोन गोष्टी दिसाव्या लागतात. एक, परवानगी नव्हती. दोन, हेतू अप्रामाणिक किंवा कपटाचा होता. या दोन्हींचा कागदोपत्री पुरावा हाती असेल तर बाकीची वाट बरीच सोपी होते. म्हणून हा लेख त्या दोन मुद्द्यांना धरूनच पुढे जातो.

कायदा नेमके काय म्हणतो

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधली कलम ४३ आणि कलम ६६ ही जोडी एकत्र वाचायची. कलम ४३ कृत्ये सांगते. मालकाच्या किंवा यंत्रणेच्या प्रभारीच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा नेटवर्कमध्ये प्रवेश करणे, त्यातली माहिती उतरवून किंवा नक्कल करून घेणे, व्हायरस सोडणे, यंत्रणा बिघडवणे किंवा बंद पाडणे, हक्काच्या माणसाला आत येऊ न देणे, दुसऱ्याला शिरायला मदत करणे, आपल्या वापराचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे, माहिती पुसणे किंवा बदलणे, सोर्स कोड चोरणे. यातले काहीही घडले की नुकसानभरपाईचा हक्क निर्माण होतो, पण गुन्हा नाही. तेच कृत्य ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटाने’ केले तर कलम ६६ लागते: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

‘अप्रामाणिकपणे’ या शब्दाला फौजदारी कायद्यात ठरलेला अर्थ आहे: कुणाला गैरलाभ किंवा कुणाची गैरहानी करण्याचा हेतू. नुसते कुतूहल त्यात बसत नाही. शेजाऱ्याने तुमचे वाय-फाय न विचारता वापरले तर कलम ४३ नक्की. ६६ साठी मात्र तुमचा डेटा पॅक संपवला, बिल वाढवले किंवा तुमच्या जोडणीआडून काही भलते केले, असे काहीतरी दाखवावे लागेल.

२००८ च्या दुरुस्तीआधी कलम ६६ च्या मथळ्यातच ‘हॅकिंग’ हा शब्द होता. ही दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली आणि तो शब्द गेला. त्यामुळे तक्रारीत दहा वेळा ‘हॅक झाले’ लिहून काही साधत नाही. कुणी, कधी, कशात, कशाच्या आधारे शिरून काय नेले, हे लिहा.

याला लागून येणारी कलमे थोडक्यात. दुसऱ्याचा पासवर्ड, ओटीपी किंवा डिजिटल सही कपटाने वापरणे हे कलम ६६ क, इंग्रजीत ६६-सी: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. संगणक किंवा फोन वापरून तोतयेगिरीने फसवणे हे ६६-डी, शिक्षा तेवढीच. चोरीचा डेटा किंवा उपकरण ठाऊक असून घेणे हे ६६-बी. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या कार्यालयाच्या मालकाला हे लागू शकते आणि तक्रारीत हमखास विसरले जाते. सरकारने ‘संरक्षित यंत्रणा’ म्हणून अधिसूचित केलेल्या संगणकात शिरणे हे कलम ७०, तिथे कैद दहा वर्षांपर्यंत. ६६-ए कुणी सुचवले तर नको म्हणा. ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरवले आहे.

कलमांचा ढीग रचायचा मोह टाळा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गगन हर्ष शर्मा प्रकरणात सांगितले की, जे कृत्य पूर्णपणे ४३ आणि ६६ मध्ये बसते त्यावर दंड संहितेतली विश्वासघात आणि फसवणुकीची कलमे जोडून लावता येत नाहीत. गोवा याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो, त्यामुळे पर्वरीच्या खंडपीठापुढे बचाव पक्ष हा मुद्दा काढणारच. वेगळे कृत्य असेल तर गोष्ट निराळी. डेटा नेल्यावर ‘पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो’ अशी धमकी आली, तर ती खंडणी आहे आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८ स्वतंत्रपणे लागते.

घरातल्या माणसाने फोन उघडला तर

नवऱ्याने बायकोच्या फोनवर गुपचूप व्हॉट्सॲप वेब जोडले, तर परवानगीचा मुद्दा सरळ आहे: लग्न झाले म्हणून फोनची परवानगी मिळत नाही. अडचण दुसऱ्या मुद्द्याशी येते, कारण गैरलाभ-गैरहानीची व्याख्या मालमत्तेभोवती फिरते आणि संशयापोटी संदेश वाचण्यात मालमत्ता कुठे, असा युक्तिवाद होतो. अशा वेळी केवळ ६६ वर विसंबू नका. स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणे हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे आणि तिथे मालमत्तेचा प्रश्नच येत नाही. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. खासगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय टिपले किंवा पाठवले असतील तर कलम ६६-ई वेगळे.

पुरावा काढायच्या आधी एवढे पाहा की त्या फोनवर अजून कुणाची नजर आहे का. पाळत ठेवली गेलेल्या फोनवरूनच १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक शोधला किंवा मैत्रिणीला कळवले, तर समोरचा सावध होतो. दुसरा फोन वापरा.

पहिला तास

पैसे गेले असतील तर बाकी सगळे बाजूला ठेवून १९३० लावा आणि बँकेला कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात मिनिटांत सरकतात. ते जिथे असतील तिथे गोठवायचे तर वेळ हेच भांडवल आहे. फोनवर व्यवहार क्रमांक विचारतात, तेव्हा बँकेचा संदेश उघडूनच फोन करा.

पैसे गेले नसतील तर क्रम असा ठेवा, आणि तो उलटा करू नका.

आधी पाहा आणि टिपा, मग दार लावा. घाबरून माणूस पहिल्यांदा पासवर्ड बदलतो आणि ‘सगळीकडून लॉग आउट’ दाबतो. त्यासरशी चालू सत्रांची यादी जाते, आणि परकं उपकरण कुठले होते हे दाखवणारा पडदाही तिच्याबरोबर जातो. म्हणून खात्याच्या सुरक्षा विभागात ‘तुमची उपकरणे’ उघडा आणि प्रत्येक नोंद दाबून आतला तपशील दिसेल असे फोटो दुसऱ्या फोनने काढा. स्क्रीनशॉटही घ्या. दोन्ही असलेले बरे, कारण दुसऱ्या फोनच्या फोटोत पडद्यासोबत आजूबाजूचे उपकरणही दिसते. गुगल खाते गेल्या अठ्ठावीस दिवसांतलीच उपकरणे दाखवते. महिनाभर विचार करत बसलात तर तुमच्या हाती तिथे काही उरत नाही.

मग ईमेलची सेटिंग उघडून फॉरवर्डिंग आणि फिल्टर पाहा. शिरलेला माणूस बऱ्याचदा असा नियम लावून ठेवतो की ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ शब्द असलेला प्रत्येक मेल त्याच्याकडे जावा आणि तुमच्या इनबॉक्समधून नाहीसा व्हावा. पासवर्ड बदलला तरी हा नियम चालूच राहतो. फोटो काढा, तो कोणत्या पत्त्यावर जातो ते लिहून ठेवा, आणि मगच काढून टाका. हा पत्ता बहुतेकदा तपासातला सर्वांत उपयोगी धागा ठरतो.

यानंतर स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी लावा, आणि खाते परत मिळवण्यासाठीचा फोन नंबर व पर्यायी ईमेल तुमचाच आहे ना ते तपासा.

कार्यालयातल्या संगणकाबाबत: नेटवर्कची तार काढा, वाय-फाय बंद करा, पण यंत्र चालू राहू द्या. चालू मेमरीतली माहिती वीज जाताच जाते. राउटर बंद करून चालू करू नका. घरगुती राउटरच्या नोंदी तेवढ्याने पुसल्या जातात. आधी त्याचे सेटिंगचे पान उघडून तिथल्या नोंदींचे फोटो घ्या. आणि दुरुस्तीवाल्याला ‘एकदा फॉरमॅट मारून दे’ असे चुकूनही सांगू नका. आमच्या मते गोव्यातल्या छोट्या धंद्यांचा सर्वाधिक पुरावा याच एका वाक्याने नष्ट होतो.

हॉटेल किंवा कंपनी चालवत असाल तर आणखी एक घड्याळ चालू झालेले असते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, विनापरवानगी प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवायचे असते, आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात.

पुरावा: वेळ, पोर्ट, हॅश

इथे थोडे थांबून वाचा. तपास बहुतेक वेळा याच तीन गोष्टींवर घसरतो.

वेळ. सर्व्हरच्या नोंदी बहुतेकदा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपली घड्याळे साडेपाच तास पुढे. नोंदीत १८:१२:०७ दिसले तर भारतीय वेळ रात्री ११ वाजून ४२ मिनिटे ०७ सेकंद. नोंद संध्याकाळी साडेसहानंतरची असेल तर आपल्याकडे तारीखही बदललेली असते. तक्रारीत चुकीची वेळ गेली की पोलीस मोबाइल कंपनीला चुकीच्या वेळेचा तपशील मागतात, आणि उत्तरात एखादा भलताच निरपराध ग्राहक येतो. दोन्ही वेळा लिहा आणि कोणती कुठली ते स्पष्ट करा. सीसीटीव्हीचे घड्याळही हमखास पुढे-मागे असते. डीव्हीआरचा, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा, पडदा आणि फोनवरचे घड्याळ एकाच फोटोत घ्या, फरक लिहून ठेवा. डीव्हीआर जुने चित्रण पुसत पुढे जातो, त्यामुळे हवा तो भाग त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्या.

पोर्ट. मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता, म्हणजे जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता, एकाच वेळी कितीतरी ग्राहक वापरत असतात. नुसता पत्ता दिला तर कंपनी नेमका ग्राहक सांगू शकत नाही. पत्ता, सोर्स पोर्ट (त्या पत्त्यामागच्या नेमक्या जोडणीचा क्रमांक) आणि सेकंदापर्यंतची वेळ असे तिन्ही हवे. तुमचे सॉफ्टवेअर पोर्ट नोंदवत नसेल तर ते पुरवणाऱ्या कंपनीला लगेच लेखी कळवा: अमुक तारखांच्या मूळ सर्व्हर नोंदी जपून ठेवा, पुसू नका. या ईमेलची प्रत तक्रारीला जोडा.

विंडोजच्या संगणकावर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून सुरक्षा विभागात ४६२४ आणि ४६२५ हे क्रमांक शोधा. पहिला यशस्वी लॉगिनचा, दुसरा फसलेल्या प्रयत्नाचा. ४६२४ च्या तपशिलात लॉगिनचा प्रकार १० असेल तर कुणीतरी दुरून, रिमोट डेस्कटॉपने आत आलेले आहे. संपूर्ण सुरक्षा नोंद फाइल म्हणून साठवून घ्या. तिचा आकार ठरलेला असतो आणि भरली की जुन्या नोंदी मिटत जातात.

हॅश. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. नमुना कायद्याच्या अनुसूचीतच आहे: भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य नमूद करायचे. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा: तिच्यातल्या मजकुरावरून निघणारी अक्षर-अंकांची ओळ, फाइल जराही बदलली की बदलणारी. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आदेशाने एसएचए-२५६ हॅश मिनिटभरात निघतो. मूळ फाइल एकदाही न उघडता तिचा हॅश काढा, कागदावर लिहा, सही व तारीख घाला. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की तो दाबला जातो, फाइल बदलते आणि हॅश जुळत नाही. पोलिसांना फोटो पेनड्राइव्हवरच द्या. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-बी प्रमाणपत्राची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर प्रकरणात बंधनकारक ठरवली होती, आणि नवा कायदा तीच अट हॅशसकट पुढे नेतो.

परवानगी संपली हे कसे दाखवायचे

माजी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सगळा भार इथे असतो. कळंगुट-बागाच्या पट्ट्यात हंगाम संपला की काउंटरवरची अर्धी माणसे बदलतात, पण बुकिंगचे लॉगिन तेच राहते, परदेशी पाहुण्यांची नोंद पाठवायचे खातेही तेच, आणि पासवर्ड मालकाच्या हॉटेलचे नाव आणि १२३. अशा ठिकाणी गुन्हा घडला तरी ‘आत कोण होते’ हे नोंदीतून कळतच नाही, कारण पाचही जण एकाच नावाने शिरतात.

प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या. नेमणूक पत्रात एक ओळ घाला: यंत्रणेचा वापर केवळ कामासाठी, केवळ नोकरीच्या काळात. माणूस जाताना पत्र द्या: अमुक तारखेपासून सर्व प्रवेश बंद, कार्यालयाची माहिती तुमच्याकडे असल्यास परत करावी. त्याची पोच घ्या, आणि त्याच दिवशी लॉगिन खरोखर बंद करा. पत्र दिले नसेल तर राजीनामा, शेवटचा पगार आणि व्हॉट्सॲपवरचा निरोपाचा संवाद यांवरून नोकरी संपल्याची तारीख तरी सिद्ध करा.

याचीच दुसरी बाजू महाविद्यालयातल्या मुलांसाठी. पंचायतीच्या किंवा एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळातली भोके शोधून ‘मी तर मदतच केली’ म्हणणाऱ्याला आपल्या कायद्यात वेगळी सूट नाही. तपासणी करायची तर मालकाचे लेखी पत्र आधी घ्या. त्यात कोणते पत्ते, कोणत्या तारखा, काय करायचे नाही हे असू द्या. सहज एखादी त्रुटी दिसली तर पुढे शिरून डेटा उतरवू नका. सर्ट-इनला कळवायची सोय आहे, ती वापरा.

तक्रार लिहिणे आणि देणे

मराठीत लिहिलेली तक्रार चालते. तरी एक इंग्रजी प्रत जोडाच, कारण पुढे पोलिसांची पत्रे बँका आणि परदेशी कंपन्यांना इंग्रजीतच जातात आणि भाषांतरात वेळ जातो. मजकूर असा असावा:

‘मी सदर कार्यालयाचा मालक व तेथील संगणक यंत्रणेचा प्रभारी आहे. श्री. ___ हे ३१ मे २०२५ पर्यंत माझ्याकडे नोकरीस होते. ग्राहक नोंदींचे सॉफ्टवेअर फक्त कार्यालयीन कामासाठी वापरण्याची त्यांना परवानगी होती व ती त्या दिवशी संपली (जोडपत्र १). दि. १२ जुलै २०२५ रोजी रात्री ११ वाजून ४२ मिनिटे ०७ सेकंद (भारतीय वेळ; सर्व्हरच्या नोंदीत जागतिक प्रमाणवेळ १८:१२:०७) या वेळी त्यांच्या जुन्या लॉगिनने, २०३.०.११३.२५ या आयपी पत्त्यावरून, पोर्ट ५१४२२ मधून प्रवेश झाला व ३१८ ग्राहकांच्या नोंदी उतरवल्या गेल्या (जोडपत्र २). त्यानंतर यांपैकी ११ ग्राहकांना अन्य कार्यालयातून फोन आले (जोडपत्र ३). माझी परवानगी नव्हती. गैरलाभ मिळवण्याच्या व माझी गैरहानी करण्याच्या हेतूने हे केले गेले, असे वरील बाबींवरून दिसते.’

संशयित नक्की ठाऊक नसेल तर ‘अज्ञात इसम’ लिहा आणि संशयाचे कारण वेगळ्या परिच्छेदात द्या. खात्री नसताना नाव घेतले आणि ते चुकले, तर पुढची सगळी तक्रार संशयास्पद ठरते.

गोवा पोलिसांचे सायबर क्राईम पोलीस ठाणे रायबंदरला आहे. काणकोणहून तिथवर जाणे शक्य नसेल तर जवळच्या ठाण्यात द्या; हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने नोंद करून पुढे पाठवावी लागते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार होते, पण तिथला पोच क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या.

कलम ६६ दखलपात्र आहे आणि जामीनपात्रही, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात आणि आरोपीला जामीन हक्काने मिळतो. उद्याच अटक होईल ही अपेक्षा ठेवू नका. तीन वर्षे ते सात वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी होऊ शकते. ते दिवस मोजत राहा. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, त्यानंतर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

तपास कोण करतो याकडे लक्ष ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारीच त्या कायद्याखाली तपास करू शकतो. उपनिरीक्षकाने तपास केला असेल तर बचावाला आयता मुद्दा मिळतो. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयावर तीन वर्षांची मुदत असते, म्हणून लांबलेल्या तपासाचा पाठपुरावा लेखीच करा.

तुमचा संगणक पुरावा म्हणून जप्त होऊ शकतो. पंचनाम्यात हार्ड डिस्कचा अनुक्रमांक आणि हॅश लिहिला आहे ना ते पाहून सही करा. धंदा त्याच यंत्रावर चालत असेल तर प्रत काढून झाल्यावर ते सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागताच हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मिळावे म्हणून न्यायालयात अर्ज करता येतो.

नुकसानभरपाई

फौजदारी खटल्याची वाट न पाहता कलम ४३ खाली भरपाई मागता येते, आणि तिथे अप्रामाणिक हेतू सिद्ध करण्याचे ओझे नसते. पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतो. गोव्यासाठी अर्ज पर्वरीच्या सचिवालयात. त्याहून मोठा दावा दिवाणी न्यायालयात. अर्जाचे शुल्क मागितलेल्या रकमेप्रमाणे वाढते, तेव्हा आकडा हवेतून काढू नका. रक्कम ठरवताना समोरच्याला झालेला लाभ, तुमचे नुकसान आणि कृत्य पुनःपुन्हा झाले का, हे तीन निकष कलम ४७ ने दिले आहेत. म्हणून तुटलेल्या अशिलांची गेल्या वर्षीची बिले, यंत्रणा दुरुस्तीच्या पावत्या आणि बंद राहिलेल्या दिवसांचा हिशोब एकाच धारिकेत लावा, तारखेच्या क्रमाने. निर्णय मान्य नसेल तर आदेशाची प्रत मिळाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत दिल्लीच्या दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. प्रत कोणत्या दिवशी हाती आली ते लिफाफ्यावरच लिहून ठेवा.